लष्कराने नाकारलेले पितळी पिस्तूल

दचकू नका, मित्रांनो, आणि काचेपासून मागेही सरू नका. मी एक जुने सहाबारी पिस्तूल आहे हे खरे, पण मी कुणाला काही करणार नाही. मी शेवटचे तोंड उघडले त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आज मात्र मला बोलायलाच हवे. उद्या सकाळी या संग्रहालयातल्या बाई मला पेटीतून बाहेर काढणार आहेत. काल त्या माझ्यासमोर उभ्या राहून कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, याच्या पाच खणांत अजून गोळ्या आहेत. भरलेलं पिस्तूल मुलांसमोर ठेवायचं म्हणजे काय! उद्या निकामी करून टाकते."

निकामी! मला! हसावे की रडावे तेच कळेना. मला निकामी कुणी केले आणि त्यासाठी कुणी जीव मुठीत धरला, हे त्या बाईंना कोण सांगणार? म्हणून तुम्हाला सांगते.

मी जन्मले अमेरिकेतल्या जॉर्जियात, टॅलफोर्ड स्टेशन नावाच्या खेड्यात. पण पिस्तूल होण्याआधीही मी होतेच की! मी त्या खेड्याच्या चर्चची घंटा होते. उंच मनोऱ्यात लटकायचे आणि रविवारी अशी घणघणायचे की शेतातले कावळे उडून जायचे. माझ्या डोक्यावर, मनोऱ्याच्या अगदी टोकाला, एक पत्र्याचा कोंबडा होता. वारा येईल तिकडे तोंड फिरवायचा आणि दिवसभर कुरकुरायचा. माझा तो एकुलता एक शेजारी. त्याला लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मग देशात यादवी पेटली. उत्तरेकडचे एका बाजूला, आमचे दक्षिणेकडचे दुसऱ्या बाजूला. आमच्याकडच्या मोठ्या लोकांना शेतावर राबायला गुलाम हवे होते, आणि गुलाम सोडण्यापेक्षा देश फोडलेला त्यांना चालणार होता. पण लढायचे कशाने? पिस्तुलांचे मोठे कारखाने सगळे उत्तरेत! आमचे घोडेस्वार शिकारीच्या बंदुका आणि आजोबांच्या तलवारी घेऊन निघाले होते. तेव्हा आमच्या दक्षिणेच्या सरकारने दवंडीच पिटली म्हणा ना! जो कोणी पिस्तुले करील, त्याची सगळी पिस्तुले लष्कर विकत घेईल.

टॅलफोर्डसाहेबांचा कारखाना कापसातून सरकी काढायची यंत्रे बनवायचा. साहेब म्हणाले, "यंत्र काय नि पिस्तूल काय, शेवटी लोखंडच ते." लोखंड होते, पण पिस्तुलाच्या सांगाड्याला पितळ कुठून आणायचे? मग सगळ्यांच्या नजरा वर गेल्या, माझ्याकडे. मला खाली उतरवले. बायका रडल्या, पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला, आणि पुढच्या आठवड्यात माझे तुकडे मुशीत वितळत होते. कोंबडा तेवढा वर राहिला.

मुशीपाशी उभा होता आयसम. तो टॅलफोर्डसाहेबांचा गुलाम. त्या कारखान्यातले बहुतेक सगळे कारागीर गुलामच होते. रुंद खांद्यांचा आयसम कमी बोलायचा. त्याची बायको डाइसी साहेबांच्या स्वयंपाकघरात राबायची, आणि ती मात्र दोघांच्या वाटचे बोलायची. पण डाइसी साहेबांची नव्हती. शेजारच्या मळ्यावरच्या विधवा स्ट्रॉदरबाईंची ती गुलाम. साहेबांनी तिला वर्षाच्या बोलीवर, भाड्याने, आणले होते. नवरा एकाच्या मालकीचा, बायको दुसऱ्याच्या! दर नववर्षाच्या दिवशी बोली नव्याने ठरायची. कोण कुठे जाणार ते मालक ठरवायचे, आणि ते दोघे सकाळपासून घास न घेता एकमेकांकडे बघत बसायचे.

आता पिस्तूल कसे चालते ते ऐका, नाहीतर पुढचे कळायचे नाही. माझ्या पोटात सहा खणांची एक फिरती चक्री आहे. प्रत्येक खणात आधी बंदुकीची काळी दारू घालायची. वर शिशाची गोळी ठासायची. गोळीवर चरबी आणि मेणाचा लेप द्यायचा, नाहीतर एका खणाची ठिणगी दुसऱ्या खणात उडते आणि सगळे बार एकदम होतात. शेवटी प्रत्येक खणाच्या मागे तांब्याची एक इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढून मागचा घोडा त्या टोपीवर आपटला की ती तुमच्या दिवाळीतल्या टिकलीसारखी फट् करते, तिची ठिणगी आत दारूला लागते, आणि मग खरा बार. टोपी म्हणजे नुसती टिकली. मारते ती दारू. एवढे ध्यानात ठेवा.

पहिली पिस्तुले तयार झाली आणि ती विकत घ्यायला लष्कराचे कप्तान लगारे आले. माझे उरलेले पितळ तेव्हा साच्यात जायची वाट बघत भट्टीशेजारी पडले होते. लष्कराची खरेदी म्हणजे बाजारातली भाजी नव्हे. प्रत्येक पिस्तुलात नेहमीपेक्षा जास्त दारू ठासायची आणि बार काढायचा. टिकले तर मुठीच्या लाकडावर शिक्का, नाही टिकले तर परत.

"मी उडवतो!" मुकादम रूफस गॅडी पुढे झाला. गोरा, उंच, मिशांना मेण लावणारा. कारखान्यात चाबूक त्याच्याच हातात असे.

पहिले पिस्तूल उडाले. दुसरेही उडाले. तिसऱ्याची चक्री फुटली. धूर विरला तेव्हा गॅडी जमिनीवर बसला होता आणि उजव्या हाताकडे असा बघत होता की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. अंगठा नव्हता, शेजारची दोन बोटेही नव्हती.

"हे यानं मुद्दाम केलंय!" तो आयसमकडे बघून ओरडला. "काळ्या सैताना, मुद्दाम केलंस तू!"

आयसमने काही मुद्दाम केले नव्हते. लोखंडातच चीर होती. पण गुलामाचे कोण ऐकतो? कप्तानांनी एकही पिस्तूल घेतले नाही. ते गेल्यावर टॅलफोर्डसाहेब अगदी शांत आवाजात म्हणाले, "आयसम, पुढच्या खेपेला एक जरी चक्री फुटली, तर मी तुला टेक्सासला विकतो. बायकोला इथूनच हात कर."

त्या दिवसापासून आयसमची झोप उडाली. लोखंडाच्या कांबीत उभी चीर असते, ती बाहेरून दिसत नाही, आणि दारूचा जोर नेमका तिथेच शिरतो. काय करावे? एका दुपारी डाइसी अंगणात चादरी पिळत होती. आयसम कितीतरी वेळ बघत राहिला.

"काय रे, बायको कधी बघितली नाहीस?" डाइसी म्हणाली.

"चादर बघतोय."

"वा! बायको समोर उभी, आणि हा चादर बघतोय!"

पण त्याने त्याच दिवशी कांब लालबुंद तापवली, एक टोक पकडीत धरले आणि दुसरे टोक धरून ती चादरीसारखी पिळून काढली. पिळलेल्या लोखंडात चीर सरळ राहत नाही, वळसे घेत दबून जाते. माझी चक्री त्याच पिळलेल्या लोखंडाची आहे, मित्रांनो. आणि माझा सांगाडा घंटेचा. साच्यातून निघताना माझ्या मुठीजवळ हवेचा एक बुडबुडा अडकला आणि तिथे तुरीच्या डाळीएवढे छिद्र राहिले. आयसमने त्यावर अंगठा फिरवला. "ही घंटा अजून श्वास घेते," तो डाइसीला म्हणाला.

कप्तान लगारे पुन्हा आले. या वेळी गॅडी लांब उभा होता, हात फडक्यात गुंडाळून. कप्तानांनी हुकूम सोडला, "ज्यानं केलीत, तोच उडवील."

म्हणजे आयसम! एकेक पिस्तूल त्याच्या हातात यायचे. दारू जास्तीची ठासलेली. स्वयंपाकघराच्या दारात डाइसी उभी, हातात पिठाचे भांडे तसेच. धडाड! टिकले. धडाड! टिकले. माझी पाळी आली तेव्हा आयसमचा तळवा घामाने इतका ओला होता की माझी मूठ निसटत होती. मी मनात म्हटले, अंगाला छिद्र आहे, पण फुटायचे नाही. काही झाले तरी फुटायचे नाही! सहाही बार झाले. मी फुटले नाही.

एकही फुटले नाही. कप्तान शिक्के मारत सुटले. मीही मूठ पुढे करून वाट बघत होते. त्यांनी मला उचलले, उजेडात फिरवले, आणि नख त्या छिद्रात घातले.

"हे नको."

"अहो कप्तान, उडून दाखवलं की त्यानं," टॅलफोर्डसाहेब म्हणाले.

"अंगाला भोक असलेलं शस्त्र लष्कर घेत नाही."

काय हा तोरा! त्यांच्या शिपायांच्या पायात धड बूट नव्हते, घोड्यांना दाणा नव्हता, आणि माझ्या अंगावरचे डाळीएवढे भोक त्यांना खुपले! माझी सगळी भावंडे पेटीत बसून लढाईवर गेली आणि मी एकटी टेबलावर राहिले. त्या दिवशी मला फार अपमान वाटला. मैदानी खेळात कुणीच आपल्या बाजूला घेत नाही ना, तसा.

त्या संध्याकाळी आयसम आणि डाइसी विहिरीपाशी बसले होते. मला पुसायला दिले होते, म्हणून मी त्याच्या मांडीवर.

"टेक्सास टळलं," आयसम म्हणाला.

"टळलं." डाइसीने विहिरीत वाकून पाहिले. मग म्हणाली, "आणि ती पिस्तुलं कुणावर चालणार, आयसम?"

"ते विचारू नकोस."

"आपल्याला सोडवायला येतील त्यांच्यावरच ना?"

"विचारू नकोस म्हटलं ना, डाइसी!"

"मी नाही विचारणार तर तुला दुसरं कोण विचारणार?"

आयसम मला तसाच पुसत राहिला, आधीच लख्ख झाले होते तरी.

टॅलफोर्डसाहेबांनी मला गॅडीला देऊन टाकले. "तुझ्या बोटांच्या बदल्यात," ते हसून म्हणाले. गॅडीला तो विनोद आवडला नाही, पण मी आवडले. तो मला कमरेला लावून मिरवू लागला. डाव्या हाताने नेम धरायला शिकला. दर शनिवारी दुपारी सगळ्या गुलामांना अंगणात उभे करायचा, मनोऱ्याच्या टोकावरच्या कोंबड्यावर मला रोखायचा आणि एक बार काढायचा. एकच, कारण लढाईमुळे दारू महाग. आणि दर शनिवारी चुकायचा! आपल्या जुन्या शेजाऱ्यावर रोखले जाताना मला कसे वाटत असेल? प्रत्येक वेळी कोंबडा कुरकुरत तोंड फिरवायचा आणि मला हायसे वाटायचे.

"वारा आडवा होता," गॅडी म्हणायचा. मग मला आयसमसमोर टाकायचा. "साफ कर. सगळे खण रिकामे करून पुन्हा भर. दमट हवेत दारू सादळते."

पाहिलंत ना, मित्रांनो? गॅडीला टोपी बसवायला चिमूटच उरली नव्हती. डाव्या हाताने जमले असते, थोडा सराव केला असता तर! पण पिस्तूल भरणे म्हणजे हात काळे करणे, आणि हात काळे करायला त्याच्याकडे माणसे होती. ज्यांना धाकात ठेवायला तो मला बाळगायचा, त्यांच्याच हातून मला भरून घ्यायचा. आणि हे त्याला कधी विचित्रही वाटले नाही. साहेबांची दाढी, खुद्द गळ्यावरचा वस्तरा, तोही गुलामाच्याच हातात असे. या लोकांची रीतच तशी होती.

दोन वर्षे आयसमने मला नीट भरले. मग तो हिवाळा आला. उत्तरेची मोठी फौज, आमच्याकडच्यांच्या तोंडी 'यांकी', जॉर्जियात घुसली. रात्री क्षितिज लाल दिसायचे. साहेबांनी सगळ्यांना बोलावले. "यांकी जवळ आले तर यंत्रं आणि कारागीर गाडीत घालून मी अलाबामाला हलवणार. शिकलेले हात मी त्यांच्या हाती लागू देणार नाही."

"आणि डाइसी, साहेब?" आयसमने विचारले.

"ती स्ट्रॉदरबाईंची. तिचं त्या बघतील."

गॅडीने माझ्या मुठीवर थाप मारली. "आणि कुणी रस्त्याला लागलाच, तर हिचे सहा शब्द ऐकून जाईल."

पुढच्या शनिवारी, नेहमीचा बार चुकल्यावर, अंगणातल्या टेबलावर आयसम मला भरायला बसला. शेजारी डाइसीने लेपाची वाटी ठेवली आणि मक्याच्या भरड्याचे भांडे. गॅडी लांब खुर्चीवर पाइप ओढत, भाजलेल्या रताळ्याची कॉफी पीत बसला होता. आयसमने माझ्या पहिल्या खणात दारू घातली. दुसरा खण पुढे आला, आणि माझ्यात काहीतरी मऊ, गोडसर वासाचे पडले. मी चमकले. भरडा! त्यावर गोळी, गोळीवर लेप, मागे टोपी. वरून बघाल तर काही कळणार नाही. तिसऱ्यात भरडा. चौथ्यात भरडा. मला इतका राग आला! मी पिस्तूल आहे की पिठाचा डबा?

उरलेली दारू आयसमने हळूच त्या भांड्यात सोडली आणि डाइसीने वर भरडा लोटला.

"पहिला खण तसाच?" तिने ओठ न हलवता विचारले.

"शनिवारी कोंबड्यावर उडवतो ना. तो नाही उडाला तर त्याला कळेल."

"म्हणजे एक खरा."

"एक खरा."

तेवढ्यात गॅडी उठला आणि सरळ आमच्याकडे यायला लागला, तोंडात पाइप! आयसम जोरात ओरडला, "पाइप, मिस्टर गॅडी! दारू उघडी आहे!"

गॅडी टुणकन मागे उडाला. पाइप खुर्चीपाशी ठेवून पुन्हा आला. त्याने मला उचलले, खणांच्या तोंडावरून बोट फिरवले, लेप हुंगला. मग भांड्याकडे वळला. "हा भरडा इथं कशाला?"

"तुमच्या भाकरीला," डाइसी म्हणाली.

"मग कर की. भूक लागलीय. इथंच, माझ्यासमोर."

मित्रांनो, भांड्याच्या तळाशी काळी दारू, आणि पलीकडे चुलीत निखारे! आयसमचा चेहरा राखेसारखा झाला. डाइसी मात्र हसली, "बसा तर, साहेब." तिने भांडे टेबलावरच ठेवले. वरवरचा भरडा हलक्या हाताने ताटलीत घेतला आणि तेवढीच ताटली चुलीपाशी नेली. पीठ मळताना तिची बोटे एकदाही थरथरली नाहीत. गॅडीने भाकरी खाल्ली.

"आज जरा खारट लागतेय."

"मिठाचा हात सढळ झाला वाटतं," डाइसी म्हणाली. दारूतला सोरा खारट असतो, मित्रांनो!

"मीठ मिळतंय कुठं सध्या? उधळू नकोस," असे म्हणून त्याने दुसरी मागितली.

तो गेल्यावर तिने भांडे उचलले. ती दारू तिने परसात कोबीच्या वाफ्यात पुरली.

आणि मग ती सकाळ आली. गोठलेली, स्वच्छ. वायव्येकडे धूर, जवळ, अगदी जवळ. टॅलफोर्डसाहेब कुटुंबासह पहाटेच्या आगगाडीने निघून गेले होते. गॅडीने कारागिरांना गाड्यांपाशी उभे केले. "चला, चढा! आयसम, तू पहिला."

आयसम गाडीपाशी गेला नाही. तो डाइसीशेजारी उभा राहिला.

"ऐकलं नाहीस?" गॅडीने मला उपसले. "चढ."

माझी नळी आयसमच्या छातीवर. घोडा चढलेला. आणि मला ठाऊक होते, आयसमला ठाऊक होते, डाइसीला ठाऊक होते, की घोड्याखाली तो एकच खरा खण आहे. मी मघाशी रागावले होते ना, पिठाचा डबा म्हणून? त्या क्षणी मी देवाची करुणा भाकत होते की माझे सगळेच्या सगळे खण भरड्याने भरलेले असावेत.

"मिस्टर गॅडी," डाइसी म्हणाली, "तो कोंबडा राहिलाच की हो."

"तोंड बंद."

"नाही, आपलं म्हटलं. दोन वर्षं झाली. आज आपण सगळे जाणार. यांकी येतील, वर बघतील आणि म्हणतील, इथले मुकादम नेम धरायला शिकले नाहीत वाटतं."

गाड्यांपाशी कुणीतरी फिस्सकन हसले. गॅडीची मान लाल झाली, पण नळी हलली नाही. "आयसम, शेवटचं सांगतो."

आयसम हलला नाही. गॅडीचे बोट चापावर घट्ट झाले. मला त्याचा दाब कळत होता.

डाइसी आता मोठ्याने हसली, अगदी पोट धरून. "सोडा हो, साहेब! डाव्या हातानं काय होणार! बिचारा कोंबडा म्हातारा होऊन पडायचा, पण तुमच्या गोळीनं नाही! आयसमवर उडवाल नि घोड्याला लागेल!"

आता सगळेच हसले. इतकी वर्षे दाबलेले हसू होते ते, आवरेना. गॅडीने एकवार सगळ्यांकडे पाहिले. त्यांना मारून तो गप्प करू शकला असता, पण त्याला ते पुरेसे नव्हते. त्याला त्यांनी पाहायला हवे होते. त्याने झटक्यात मला वर उचलले, एक डोळा मिटला, आणि धडाड!

आणि लागली की! आयुष्यात पहिल्यांदा! कोंबडा गिरकी घेऊन मनोऱ्यावरून सुटला आणि पत्र्याचा खणखणाट करत अंगणात येऊन पडला. माझा शेजारी. वाईट वाटायलाही मला सवड मिळाली नाही.

"पाहिलंत? पाहिलंत सगळ्यांनी?" गॅडी लहान मुलासारखा ओरडला आणि वळला.

आयसम आणि डाइसी फाटकातून बाहेर पडले होते. पळत नव्हते. हातात हात घालून लाल रस्त्याने चालले होते, धुराच्या दिशेने.

"थांबा!" त्याने मला त्यांच्या पाठीवर रोखले. चाप ओढला.

फट्.

त्याने माझ्याकडे बघितले. पुन्हा घोडा चढवला. फट्. पुन्हा. फट्. प्रत्येक आवाजाला डाइसीची पाठ ताठ व्हायची, पण दोघांपैकी एकाचेही पाऊल चुकले नाही. फट्. फट्. मग घोडा रिकाम्या खणावर आपटला.

मित्रांनो, घंटा असताना मी सगळे गाव हलवले होते. पण जन्मात मला सर्वात मोठा अभिमान कशाचा वाटला असेल, तर त्या पाच मुक्या बारांचा.

गाड्यांपाशी उभा असलेला एक म्हातारा कारागीर खाली वाकला, कोंबडा उचलला, काखेत मारला आणि फाटकाबाहेर चालू लागला. त्याच्या मागे दुसरा. मग सगळेच. गॅडीने मला त्यांच्यावर भिरकावून दिले आणि तो पाइनच्या झाडीत पळाला. मी रस्त्यात पडले होते. त्या म्हाताऱ्याने मला उचलून आयसमला नेऊन दिले.

"तुझं आहे ना रे हे?"

आयसमने त्या छिद्रावर अंगठा फिरवला. "हो, आमचंच."

दुपारी निळ्या डगल्याचे उत्तरेचे घोडेस्वार आले आणि त्यांनी कारखाना जाळला. पुढचे दिवस सोपे नव्हते. फौजेमागून थंडीत चालणे, भूक, आणि वर निळ्या डगल्यांची हडतहुडत. पण नववर्षाचा दिवस आला तेव्हा दोघे सवॅना शहराजवळ एका तंबूत होते, आणि त्या दिवशी त्यांची बोली करायला कुणीही आले नाही. डाइसीने सकाळीच पोटभर खाल्ले.

पुढे आयसमने लोहारकामाचे दुकान टाकले. माझे काय झाले म्हणता? मुठीने पिकानचे, म्हणजे अक्रोडासारखे, टणक दाणे फोडायचे, वाऱ्याने आपटणारे दार अडवायचे, बस्स. पोरे माझ्याशी खेळायची नाहीत, कारण डाइसीची सक्त ताकीद होती. आयसमने एकदा चक्री उघडायला घेतली, तर ती म्हणाली, "राहू दे. भरडा तसाच राहू दे." पुढे ती गेली, तोही गेला. मी एका पेटाऱ्यात तळाशी गेले, गंजले, आणि त्यांच्या पणतीने मला इथे आणून दिले. तिला गोष्ट अर्धीच ठाऊक होती. म्हणून माझ्या खालच्या पाटीवर एवढेच आहे: 'लष्कराने खरेदीच्या वेळी नाकारलेले. स्थिती वाईट.'

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, पण जरा वेगळे. घासून चकचकीत करणे म्हणजेच जपणे नव्हे. आधी विचारा की हिला कुणाचे हात लागले होते, आणि त्या हातांनी हिच्यात काय ठेवले आहे.

उद्या बाई मला पांढऱ्या कापडावर ठेवतील. पहिला खण रिकामा आहे, त्यात खुशाल ब्रश घालू द्या. मग त्या दुसऱ्या खणातली गोळी काढतील आणि कापडावर थोडी पिवळट भुकटी सांडेल. त्यांना ती धूळ वाटेल. फुंकर मारायला त्या खाली वाकतील. तेव्हा, मित्रांनो, तुमच्यापैकी जो कुणी तिथे असेल, त्याने जोरात ओरडावे. आयसम ओरडला होता तसे: "फुंकर नको, बाई! भरडा उघडा आहे!"